माझ्या नावावरची दोन वर्षं

माझ्या सेवापुस्तकात लिहिलेलं आहे की मी दोन वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. खाली मुख्याध्यापकांची सही आहे, शाळेचा गोल शिक्का आहे. माझी पदवी मराठीची. विज्ञानाशी माझा शेवटचा संबंध माझ्या स्वतःच्या दहावीत आला होता आणि तो तुटला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. त्या दोन वर्षांत फळ्यासमोर उभा राहायचा तो माणूस वेगळा होता. त्याच्या सेवापुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नाही.

गेल्या श्रावणात दाजी गेले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बातमी आली आणि मग दिवसभर फोन वाजत राहिला. कुणी लिहिलं, ‘माका पयल्यांदा चुंबक हातात दिल्लो तो दाजीन.’ कुणी लिहिलं, ‘काचेची नळी वाकवूक माजो हात धरून शिकवलेली.’ बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मुलाने कुठल्याशा बंदरातून एकच ओळ टाकली, ‘आमचे विज्ञानाचे सर गेले.’ मीही काहीतरी लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या, पुसल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. तिथे जे लिहिता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

आमचं हायस्कूल तोंडवलीपासून जवळच, समुद्र आणि गाव यांच्या मधे होतं. गावातल्याच, पण मुंबईत स्थायिक झालेल्या मंडळींनी ते काढलं होतं. संस्थेची सभा मुंबईत भरायची आणि गळक्या कौलांची चर्चा तिथे व्हायची. शाळेमागे सुरूचं बन, बनामागे वाळू. मी तिथे रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं घर कुडाळकडचं, भातशेतीचं. समुद्र सहलीपुरता पाहिलेला.

दाजी त्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. हजेरीपटावर सदानंद कुबल. पण त्या नावाने त्यांना फक्त पगारपत्रक हाक मारत असे. मुलांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे ते दाजी. वय पन्नाशीचं, उंची बेताची, खांदे किंचित पुढे झुकलेले. खाकी शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे त्यांचा ड्रॉपर असायचा. उजव्या हाताच्या दोन बोटांवर आम्लाचे जुने पिवळट डाग होते. लग्नकार्यात पानावर बसले की ती दोन बोटं ते आत मुडपून घ्यायचे.

खाऱ्या वाऱ्यामुळे त्या प्रयोगशाळेत काही धड टिकत नसे. मॅग्नेशियमची फीत पांढरी पडायची, चिमटे गंजायचे, बाटल्यांची लेबलं सुटून खाली पडायची. दाजींचं निम्मं आयुष्य या वाऱ्याशी भांडण्यात गेलं. लिटमसचे कागद ते भाजलेल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. लेबलं दर गणपतीनंतर नव्याने लिहीत, टपोऱ्या अक्षरात, आणि वरून मेण फासत. परीक्षानळी धुऊन झाली की ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आरपार बघत. डाग दिसला की पुन्हा धूत. नळी स्वच्छ निघाली की स्वतःशीच “हां” म्हणत. दिवसभरात असे शंभरेक “हां” त्या खोलीतून ऐकू येत.

मुलांना ते एकच गोष्ट सांगायचे. प्रयोगवहीत मुलं निरीक्षण पुस्तकातून उतरवून काढतात, हे सगळ्याच शाळांत चालतं. दाजींना ते सहन होत नसे. वही उघडून बघण्याचा त्यांना अधिकार नव्हता, पण मुलगा लिहीत असला की ते मागून वाकायचे आणि म्हणायचे, “दिसला ता लिव. पुस्तकात आसा ता पुस्तकवाल्यांका दिसला. तुका काय दिसला?”

मी रुजू झाले त्याच वर्षाच्या अखेरीस विज्ञानाचे जुने सर निवृत्त झाले. भरती बंद होती. नवा शिक्षक मिळायची काही चिन्हं नव्हती. जूनमध्ये वेळापत्रक लागलं आणि त्यात विज्ञानाच्या तासांपुढे माझं नाव होतं. मी मुख्याध्यापक सरांकडे धावले. ते म्हणाले, “वाचून दाखवा हो. आपल्याकडे वाचून दाखवणारं तरी माणूस आहे. पलीकडच्या गावात तेही नाही.”

पहिल्या तासाला मी वाचून दाखवलं. गतीचे नियम. मुलं शांत होती, इतकी शांत की मला भीती वाटली. प्रयोगशाळेचं दार वर्गाला लागूनच होतं आणि त्या दारात दाजी हातात फडकं घेऊन उभे होते. तास संपला, मुलं पाणी प्यायला पळाली. दाजी आत आले.

“बाई, वाचलास बरा. आवाज पण बरो आसा तुमचो.”

“पण?”

“पोरांका दिसला काय?”

मला रडूच यायचं बाकी होतं. म्हटलं, “दाजी, मला यातलं काही येत नाही.”

“माका येता,” ते म्हणाले. आपल्याकडे एक जादा छत्री आहे असं कुणी सांगावं, तितक्या साधेपणाने. मग म्हणाले, “पंचवीस वर्षां सरांच्या मागे उबो रवलंय. तेच धडे, तेच प्रयोग. भिंतीक सुद्धा पाठ झाले असते.”

दाजी स्वतः दहावीला इंग्रजीत अडकले होते, ते तिथेच राहिले. वडिलांच्या होडीवर दोन वर्षं काढली, मग शाळेत शिपाई म्हणून लागले आणि एक दिवस प्रयोगशाळेची किल्ली हातात आली. आम्लांची, क्षारांची सूत्रं त्यांना तोंडपाठ होती, पण बाटलीवरचं इंग्रजी वाक्य वाचायचं म्हटलं की बाटली ते माझ्यासमोर धरायचे.

दुसऱ्या दिवसापासून असं सुरू झालं. हजेरी मी घ्यायचे. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि दाजी पुढे यायचे. फळ्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावर ते दोन वर्षांत एकदाही चढले नाहीत. खुर्चीवर बसले नाहीत. खाली जमिनीवर, पहिल्या बाकाला टेकून उभे राहायचे. मुख्याध्यापक सरांनी मला काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्या खिडकीवरून जाताना ते बरोबर सुरूच्या बनाकडे बघायचे.

दाजी मालवणीतच शिकवायचे. मीही घरी मालवणीच बोलायचे, पण शाळेच्या पायरीवर ती चपलांसारखी काढून ठेवायची सवय मला लहानपणीच लागली होती. वर्गात “माका” म्हटल्याबद्दल मी स्वतः छड्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे पहिले काही दिवस मला तो वर्ग चोरून काहीतरी खाल्ल्यासारखा वाटायचा, इतका गोड.

“रे, बापाशीची होडी आत खाडयेत भरलंस,” दाजी एका मुलाला विचारायचे, “पाणी खंयपर्यंत येता?”

मुलगा बाकाच्या कडेवर हात ठेवून दाखवायचा.

“मगे तीच होडी भायर दर्यात गेली काय?”

“वर येता.”

“कित्याक? कोण उचलता तिका?”

मुलं विचारात पडायची. कुणी वारा म्हणायचा, कुणी लाटा. दाजी हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. दोन चंबू पुढे ठेवायचे, एकात विहिरीचं पाणी, एकात समुद्राचं, आणि दोन्हींत एकच अंडं आळीपाळीने सोडायचे. विहिरीच्या पाण्यात अंडं खाली जायचं. समुद्राच्या पाण्यात अजून थोडं मीठ घालून ढवळलं की तेच अंडं हळूच वर यायचं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, “मिठाचा पाणी जड!” आणि दाजी फक्त “हां” म्हणायचे.

मग मी उठायचे आणि परीक्षेत लागेल तसं ते फळ्यावर लिहायचे. ‘द्रवाची घनता अधिक असल्यास प्लावक बल अधिक असते.’ मुलं ते उतरवून घ्यायची, पण आता त्यांना ते वाक्य परकं वाटत नसे. मराठीची शिक्षिका म्हणून त्या वर्गात माझं एवढंच काम उरलं होतं. मी आयुष्यात शिकवलेलं सगळ्यात चांगलं मराठी तेच असावं.

ते मुलांना वाळूवर न्यायचे आणि चुंबक फिरवायला लावायचे. चुंबकाला काळी वाळू दाढीसारखी चिकटायची. आमसुलाचं पाणी करून त्यात सोडा टाकायचे आणि लाल पाणी निळसर झालं की मुलींना विचारायचे, “घराकडे सोलकढीत कोणी सोडो घातलो तर तुमची आवस काय म्हणतली?” पूर्ण वर्ग हसायचा आणि आम्ल-आम्लारी कायमचं डोक्यात बसायचं. माझ्याही.

पण मी त्यांना खऱ्या अर्थाने ओळखलं ते समीक्षामुळे. नववीतली मुलगी, आई डोक्यावर टोपली घेऊन वाडीवाडीत मासे विकायची. अंगाने किडकिडीत, बोलायला फटकळ. प्रयोगाच्या परीक्षेत तिने लिहिलं, ‘निळा लिटमस आम्लात बुडवला. तो निळाच राहिला.’ लाल पेन माझ्याकडे होतं. मी काट मारली आणि शून्य दिलं. बाकी सगळ्यांनी ‘तांबडा झाला’ लिहिलं होतं.

वह्या परत दिल्या त्या दुपारी दाजी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. शिक्षकखोलीत ते कधी येत नसत.

“बाई, त्या चेडवाचे मार्क कापलास?”

“चुकलंय ना तिचं.”

“नाय चुकला. मी बघलंय. ती लिटमसची कांडी खराब होती. पावसात डब्याचा झाकण उघडा रवला, माजी चूक. सगळ्या पोरांच्या कांडयो तशोच होत्यो. एकाचो पण तांबडो झालो नाय.”

मी गुणांची यादी उघडून बघितली.

“सगळ्यांनी पुस्तकातला लिवला,” ते म्हणाले. “त्या एकट्या चेडवान दिसला ता लिवला. तुमका मार्क कापूचेच आसत तर माजे कापा.”

मी समीक्षाला बोलावून काट खोडली आणि पूर्ण गुण दिले. बाकीच्या बावीस जणांचं काय करायचं, ते मला कळेना. दाजींना विचारलं. ते म्हणाले, “तेंका परत करूक लावया.” दुसऱ्या दिवशी नवे कागद उन्हात वाळवून घेतले आणि पूर्ण वर्गाने तो प्रयोग पुन्हा केला. लिटमस तांबडा झाला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याआधी शंभर वेळा ती ओळ लिहूनही कुणी टाळी वाजवली नव्हती.

पहिल्या वर्षी दहावीचा निकाल लागला. विज्ञानात एकही मूल नापास नव्हतं. मुंबईहून अध्यक्षांचं मला अभिनंदनाचं पत्र आलं. मी ते दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरा लिवल्यानी.”

दुसऱ्या वर्षी, गणपतीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती, तेव्हा न सांगता तपासणी आली. दाजी तेव्हा शिंपल्यांवर आम्ल टाकून बुडबुडे दाखवत होते. मी शेवटच्या बाकावर बसून वही लिहीत होते. मागच्या दारातून एक साहेब आत आले आणि माझ्या शेजारीच उभे राहिले. मी दचकून उठले. साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुढे.

“हे कोण?”

दाजींनी खडू खिशात टाकला. हात पुसले. आणि मग मी दोन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं अशा, एकही चूक नसलेल्या शुद्ध मराठीत ते म्हणाले, “मी परिचर आहे, साहेब. बाईंनी मुलांना साहित्य दाखवायला सांगितलं होतं. ते दाखवत होतो.”

दाजी असं बोलू शकतात हे मुलांनाही ठाऊक नव्हतं. समीक्षा ताडकन उभी राहिली. “सर, आमका दाजीच—”

“बस गो खाली,” दाजी म्हणाले. आवाज चढवला नाही. ती बसली.

साहेब माझ्याकडे वळले. बोलायला अवकाश होता, वेळही होता. मी म्हणाले, “बरोबर आहे, सर.”

एवढे तीन शब्द. साहेब भले गृहस्थ होते. हसले, म्हणाले, “चालू द्या तुमचा पाठ.” मी पुढे गेले, चौथऱ्यावर चढले आणि शिंपल्यांचा धडा शिकवला. दाजींचंच प्रत्येक वाक्य, फक्त शुद्ध करून. दाजी बाहेर व्हरांड्यात उभे होते. साहेबांनी मला दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं मला आली, कारण ती मला मागच्याच आठवड्यात शिकवली गेली होती. शेरेबुकात त्यांनी अर्धं पान कौतुक लिहिलं.

गाडी गेल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. दाजी नळ्या धूत होते.

“दाजी, मी खोटं बोलले.”

“मी पयलो बोललंय.” ते नळी उजेडाकडे धरून बघत होते. “आणि खरा सांगून काय झाला असता? तुमची चौकशी, सरांची चौकशी, माका घराकडे धाडला असता. मगे उद्या अकराक पोरांका शिकवतलो कोण?”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते नेहमीच्या जागी, पहिल्या बाकाला टेकून उभे होते. समीक्षा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्या शेऱ्याचा परिणाम असा झाला की तालुक्यातल्या एका मंडळाने मला चांगल्या शिक्षिकेचा पुरस्कार दिला. मानपत्रात लिहिलं होतं, परिसरातल्या वस्तूंतून आणि मुलांच्या बोलीतून विज्ञान शिकवणाऱ्या. मी भाषण लिहून नेलं होतं आणि त्यात दाजींचं नाव होतं. सभागृहाच्या पायऱ्यांवर मुख्याध्यापक सरांनी मला बाजूला घेतलं. “त्यांचं नाव घेऊ नका. परिचर वर्ग घेतो हे जाहीर झालं तर संस्थेला उत्तर द्यावं लागेल. पहिला बळी त्यांचाच जाईल.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी व्यासपीठावर गेले आणि ती ओळ गाळून वाचलं. ओळ गाळली की मागचं-पुढचं वाक्य जुळत नाही, म्हणून मधे दोन वाक्यं मनाची घातली.

दाजी शेवटच्या रांगेत होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, शेजारी वहिनी. मोठ्या मनाने टाळ्या वाजवत होते. नंतर चहाच्या टेबलाशी मला गाठून म्हणाले, “बाई, बरा बोललास.”

माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

“फकस्त,” त्यांनी आवाज खाली आणला, “ता होडयेचा उलटा सांगलास. खाडयेत होडी खाली जाता, दर्यात वर. तुमी खाडयेत वर म्हटलास. हंय कोणाक कळाक नाय. पण उद्या वर्गात सांगून टाका, पोरां बसलेली होती फुडे.”

मी हसले. मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, मी काल भर सभेत चुकले. समीक्षा त्या दिवशी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. आज ती ओरोसला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

तिसऱ्या वर्षी नवे सर आले. एम.एस्सी. झालेले, तरुण, मुलांत मिसळणारे. ते चांगले शिक्षक होते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. मुंबईकरांनी मोठा स्मार्ट बोर्ड पाठवला. सर त्यावर ज्वालामुखी दाखवायचे, धडधडणारं हृदय दाखवायचे. पहिल्यांदा हृदय बघितलं तेव्हा दाजी माझ्याकडे धावत आले. “बाई, काळीज उघडून दाखवल्यानी! झडपो कशो उघडतत, सगळा दिसता!” पंचवीस वर्षं तक्त्यावर बघितलेली आणि दोन वर्षं बोट ठेवून मुलांना दाखवलेली झडप त्यांनी स्वतः पहिल्यांदा उघडताना पाहिली होती.

पुढे काही दिवसांनी सरांनी त्यांना सांगितलं, “दाजी, वर्ग चालू असताना दारात उभे राहू नका, मुलांचं लक्ष जातं.” अगदी नम्रपणे सांगितलं. दाजींनी दार लोटून घेतलं. त्यानंतर प्रयोगशाळेतून “हां” ऐकू यायचे, पण कमी. मुलं आत फारशी जात नव्हती. एकदा मी डोकावले तर ते धुतलेल्या नळ्या काढून पुन्हा धूत होते.

पिवळ्या बसगाड्या गावात यायला लागल्या आणि इंग्रजी शाळांकडे मुलं जायला लागली. पटसंख्या घसरली, मी अतिरिक्त ठरले आणि माझी रवानगी कुडाळकडच्या शाळेत झाली. दाजी निवृत्त झाले त्या दिवशी मला परीक्षेचं काम होतं. जाता आलं नाही. नंतर कळलं की त्यांच्यामागे ते पदच व्यपगत झालं. हा शब्द मी तोवर फक्त परिपत्रकात वाचला होता. माणूस निवृत्त होतो आणि त्याची जागा त्याच्याबरोबर घरी जाते, असा त्याचा अर्थ.

त्यानंतरच्या थंडीत एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. घर वाळूला लागून, पुढे माडांची चार झाडं. वहिनी पडवीत विळीवर मासे साफ करत होत्या.

“येवा बाई, येवा. ह्ये बघा, तुमचे सर खंय बसलेले आसत ते.”

दाजी पडवीच्या खांबाला टेकून जाळं शिवत होते. थकलेले दिसले. मला बघून उठले, पुन्हा बसले. चहा आला. वहिनी सांगायला लागल्या, “त्या दोन वर्षात जेवताना रोज माका धडो सांगत. काय शिकवला, कोण काय बोलला. माका मूलद्रव्यां पाठ झाली बाई. हायड्रोजन, हेलियम, लिथियम...” खवल्यांनी भरलेल्या हाताने त्या बोटं मोजत पार निऑनपर्यंत गेल्या. दाजी मान खाली घालून हसत होते.

वहिनी आत गेल्या तेव्हा मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलून टाकलं. त्या दिवशी साहेबांसमोर बोलायला हवं होतं. व्यासपीठावर नाव घ्यायला हवं होतं. ते कौतुक माझं नव्हतं.

दाजींनी जाळ्याची गाठ पुरी केली.

“नाव घेतलास नाय तेचा माका काय वाटाक नाय, बाई. खरा सांगतंय. वाटला ता मागीर.”

“केव्हा?”

“नवीन सर इले तेवा. बरा झाला, पोरांका सर गावले. पण अकरा वाजले काय माजे पाय वर्गाकडे जायत. मी तेंका परत आणी. परत जायत.” त्यांनी नवी गाठ मारायला घेतली. “शिकवची सवय वायट. एकदा लागली काय सुटणा नाय. आणि ती माका लावलास तुमी. माज्या आवशी-बापाशीन नाय, सरांनी नाय. शेवटच्या बाकार जावन बसलास ता तुमी. ह्या सांगाचा रवलेला.”

समोर समुद्र होता आणि किनाऱ्यावर माणसं जमायला लागली होती. कुणीतरी हात उंचावून ओरडलं, “दाजी! रापणीक ये रे!”

सकाळी समुद्रात सोडलेलं रापणीचं जाळं आता ओढायचं होतं. त्याला गावची सगळी माणसं लागतात. दोन टोकांच्या दोन दोऱ्या, दोन रांगा.

“इलंय, इलंय!” दाजींनी जाळं बाजूला ठेवलं, लुंगी वर खोचली. मला म्हणाले, “बाई, बसा हां. जेवल्याशिवाय जावचा नाय.” आणि त्या वयात, वाळूतून, चक्क धावत गेले.

माझी एसटी दुपारची होती. मी माडाखाली उभी राहून बघत होते. दोन्ही रांगांत मिळून तीसेक माणसं असतील. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, सगळे पाठमोरे, आरोळीच्या तालावर दोरी ओढत एकेक पाऊल मागे, माझ्या दिशेने येणारे. उन्हाने त्यांच्या पाठी सारख्याच चमकत होत्या. त्यांतली दाजींची कुठली, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.